माशांचें खाद्य आणि वनौषधि
(नभोवाणीवरील भाषण)

आज मी ज्या विषयावर बोलणार आहें, तो ऐकून आपल्यापैकीं पुष्कळांना प्रथम हंसूं येईल. माणसाला काढा द्यावा, गुराला मसाला चारावा, हें आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलों आहोंत. पण माशाला हळद-लसूण ती कशासाठीं? "गुरुजी, कालवणाच्या भांड्यांत पडण्याच्या आधींच माशाला मसाला लावतां कीं काय?" असा विनोद एका गृहस्थांनीं माझ्यापाशीं केलाही. विनोद सोडून द्या. परंतु तळ्यांत पाळलेल्या माशांच्या रोजच्या खाद्यांत कांहीं औषधी वनस्पति मिसळल्यास त्यांची प्रकृति निकोप राहते काय, हा प्रश्न आज अनेक प्रयोगशाळांतून गंभीरपणें तपासला जात आहे, आणि ज्या शेतकऱ्यानें कर्ज काढून तळ्यांत बीज सोडलें आहे त्याच्या दृष्टीनें तर तो पोटापाण्याचाच प्रश्न आहे.

मी मत्स्यशास्त्रज्ञ नव्हे. आयुष्यभर मुलांना गणित आणि भाषा शिकविली. या विषयाकडे मी वळलों तो माझ्या हातून घडलेल्या एका चुकीमुळें, आणि ती चूक आधीं सांगून टाकणें हेंच प्रामाणिकपणाचें होईल.

आमच्या पूर्व विदर्भांत, भंडारा-गोंदियाच्या बाजूला, तलावांची वाण नाहीं. जुने मालगुजारी तलाव अजून पाणी धरून आहेत. त्यांच्या पाण्यावर धानाचें पीक येतें आणि त्यांतच ढिवर समाजाचे लोक मासे धरून पोट भरतात. त्याखेरीज शेताच्या वरच्या अंगाला बांध घालून केलेलीं लहान तळीं असतात, त्यांस आमच्याकडे बोडी म्हणतात. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें आपल्या पाव एकराच्या बोडींत रोहू, कटला आणि मृगळ या माशांची बोटुकली, म्हणजे बोटाएवढीं झालेलीं पिलें, सोडली होती. श्रावणांत एके दिवशीं तो मजकडे आला आणि म्हणाला, "गुरुजी, मासे बांबूला अंग घासतात. अंगावर तांबडे ठिपके दिसतात. काय करूं?" मीं मोठ्या आत्मविश्वासानें सांगितलें, "अरे, कडुलिंबासारखें जंतुनाशक दुसरें नाहीं. चांगल्या गाडीभर फांद्या टाक पाण्यांत."

त्यानें गुरुजींचा शब्द मानला. आभाळ चार दिवस भरलेलें होतें, वारा पडलेला होता. तिसऱ्या दिवशीं पहांटे सारे मासे पाण्यावर तोंडें काढून हवा गिळूं लागले, आणि सूर्य वर येईपर्यंत निम्म्याहून अधिक मासे पालथे होऊन तरंगूं लागले. मीं बोडीच्या पाळीवर उभें राहून तें पाहिलें. त्यानें मला एका शब्दानेंही दोष दिला नाहीं, आणि तेंच मला अधिक लागलें.

पुढें मत्स्यव्यवसायाची माहिती असलेल्या एका जाणत्या गृहस्थांनीं मला झाला प्रकार समजावून दिला. फांद्यांचा पाला पाण्यांत कुजूं लागला. कुजण्याच्या क्रियेला प्राणवायु लागतो. ढगाळ हवेमुळें पाण्यांतील सूक्ष्म शेवाळ दिवसा पुरेसा प्राणवायु तयार करीत नव्हतें, आणि जो थोडा होता तो पाल्यानें खाल्ला. शिवाय कडुलिंबाचा अर्क प्रमाणाबाहेर गेला तर तो माशाला स्वतःच अपायकारक आहे. शेवटीं ते म्हणाले, "गुरुजी, घरांत कोणाला ताप आला म्हणजे आपण काढा त्याच्या पोटांत घालतों, घरभर शिंपडीत नाहीं."

श्रोतेहो, आजच्या माझ्या भाषणाचें सार त्या एका वाक्यांत आहे. त्यानंतर मीं जें वाचलें आणि जाणत्यांना विचारलें, त्यावरून माझी अशी खात्री झाली आहे कीं माशांच्या पालनांत वनौषधींना स्थान आहे. पण तें आजारी माशाला बरें करण्यासाठीं नव्हे, तर निरोगी माशाला बळकट ठेवण्यासाठीं. पाण्यांत ओतून नव्हे, तर खाद्यांतून. आणि मुठीनें नव्हे, तर तोलून.

आतां प्रथम हें पाहूं कीं, पाळलेला मासा आजारी कां पडतो. नदींतला मासा मोकळा असतो. एका डोहांतलें पाणी त्याला मानवलें नाहीं तर तो दुसऱ्या डोहांत जातो. तळ्यांतल्या माशाला तशी सोय नाहीं. एकेकाळीं आपल्या देशांत तळ्यांसाठीं लागणारें बीज नदीच्या पुराच्या पाण्यांतून गोळा करावें लागे. तें मिळेल तेवढेंच. १० जुलै १९५७ रोजीं ओरिसांतील अंगुल येथें डॉ. हिरालाल चौधरी यांनीं पियूषिका ग्रंथीचा अर्क टोंचून आपल्याकडील मोठ्या जातीच्या माशांना बंदिस्त पाण्यांत अंडीं घालावयास लावलें, आणि तेव्हांपासून बीजाचा प्रश्न सुटूं लागला. हा दिवस आज राष्ट्रीय मत्स्यपालक दिन म्हणून पाळला जातो. बीज मुबलक झालें, पेंड-कोंडा घालून मासे वाढवितां येऊं लागले, उत्पन्न कित्येक पटींनीं वाढलें. परंतु त्याबरोबरच एका तळ्यांत पूर्वींपेक्षां कितीतरी अधिक मासे कोंडले जाऊं लागले. जेथें गर्दी तेथें रोग, हा नियम माणसांच्या जत्रेला जसा लागू आहे, तसाच तो माशांच्या तळ्यालाही आहे.

एरोमोनास हायड्रोफिला नांवाचा एक जंतु आहे. तो बाहेरून कोठून येतो असें नाहीं. गोड्या पाण्याच्या बहुतेक तळ्यांत तो असतोच. मासा धडधाकट आहे तोंवर त्याचें कांहीं चालत नाहीं. पण पाणी बिघडलें, थंडी पडली, जाळें ओढतांना अंगावरचे खवले निघाले, किंवा माशांच्या उवेनें—आर्ग्युलस नांवाचा चपटा परजीवी असतो, त्यास असें म्हणतात—कातडीला छिद्र पाडलें, कीं तो आंत शिरतो. मग अंगावर तांबडे डाग उठतात, पर कुजतात, कधीं पोटांत पाणी सांठून मासा फुगतो. याहून भयंकर प्रकार १९८८ सालीं आपल्या देशानें पाहिला. बांगला देशाच्या बाजूनें त्रिपुरा, आसाम, मेघालय या भागांत माशांच्या व्रणांची सांथ शिरली. अफॅनोमायसिस इन्व्हॅडान्स या बुरशीसारख्या जीवामुळें मरळ व इतर माशांच्या अंगावर खोल क्षतें पडूं लागलीं. लोक भीतीनें मासे खाईनासे झाले, आणि ज्यांचें पोट मासळीवर चालत होतें त्यांची उपासमार झाली. त्या सांथींत अनेक ठिकाणीं शेतकऱ्यांनीं तळ्यांत चुना आणि हळद टाकली. यांतील चुन्याचा उपयोग शास्त्रानेंही मान्य केला आहे; चुन्यानें पाण्याचा आंबटपणा जातो आणि तळाची घाण लवकर निवते.

असे रोग आले कीं धनिक मत्स्यपालक प्रतिजैविकांकडे वळतो. खाद्यांत ऑक्सिटेट्रासायक्लिनसारखें औषध मिसळतो. यांत तीन अडचणी आहेत. पहिली अशी कीं, आजारी माशाची पहिली खूण म्हणजे तो खाणें सोडतो. तेव्हां औषध खातात ते बहुधा निरोगी मासे. दुसरी अशी कीं, खाल्लेल्या औषधाचा बराचसा भाग अंगीं न लागतां विष्ठेवाटें पाण्यांत व चिखलांत उतरतो. तेथें जंतु त्याची संवय करून घेतात, आणि उद्यां तेंच औषध माणसाच्या रोगावरही निकामी ठरण्याचा धोका उत्पन्न होतो. तिसरी अडचण बाजाराची. क्लोरॅम्फेनिकॉल, नायट्रोफ्युरान यांसारख्या औषधांना आपल्या देशांत मत्स्यपालनांत बंदी आहे, आणि त्यांचा अंश सांपडल्यास परदेशीं पाठविलेला माल परत येतो. युरोपीय संघानें तर केवळ वाढीसाठीं जनावरांच्या खाद्यांत प्रतिजैविकें घालण्यास २००६ सालापासून पूर्ण मज्जाव केला आहे. नॉर्वे देशांत सामन माशांच्या पालनांत १९८७ च्या सुमारास वर्षाला जवळजवळ ५० टन प्रतिजैविकें वापरलीं जात. पुढें चांगल्या लसी निघाल्या, आणि मासळीचें उत्पन्न वाढत असतांनाही तो आंकडा दोन टनांच्याही खालीं आला. परंतु सामन महाग मासा आहे. तेथें एकेका माशाला लस टोंचणें परवडतें. आमच्या बोडीतल्या रोहूला तें परवडणारें नाहीं. म्हणून स्वस्त, निर्धोक आणि घरचा असा कांहीं उपाय आहे काय, याचा शोध सुरू झाला आणि शास्त्रज्ञांची दृष्टि वनस्पतींकडे गेली.

वनस्पति माशाच्या पोटांत जाऊन करते काय? हें समजण्यासाठीं माशाचें संरक्षण कसें होतें तें थोडक्यांत सांगतों. माशाची पहिली तटबंदी म्हणजे त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर. हातांतून मासा निसटतो तो याच थरामुळें. हा थर जंतूंना चिकटूं देत नाहीं, आणि त्यांत जंतूंचें कवच विरघळविणारीं द्रव्यें असतात. दुसरी फळी रक्तांतील पांढऱ्या पेशींची. आपल्या रक्तपेशी हाडांतील मगजांत तयार होतात. माशाच्या हाडांत तसा मगज नसतो. त्याच्या मूत्रपिंडाचा डोक्याकडील भाग आणि प्लीहा हें काम करतात. या पेशींपैकीं कांहीं जंतूंना चक्क गिळून टाकतात. एकदां झालेला रोग ओळखून त्याच्याविरुद्ध नेमकें द्रव्य तयार करण्याची शक्ति माशालाही आहे. पण त्याचें रक्त थंड, पाण्याबरोबर गार होणारें. त्यामुळें हें काम सावकाश चालतें, आणि थंडींत तर फारच मंदावतें. म्हणून माशाचा मुख्य भरंवसा या पहिल्या दोन रक्षकांवर. लसूण, हळद, आघाडा यांसारख्या वनस्पतींतील द्रव्यें याच रक्षकांना जागें ठेवतात, असें प्रयोगांत दिसून आलें आहे. त्या जंतूला थेट मारतात त्यापेक्षां पहारेकऱ्याला डुलकी लागूं देत नाहींत, हेंच त्यांचें मोठें काम.

आतां प्रयोगांची हकीकत सांगतों. भुवनेश्वरजवळ कौसल्यागंगा येथें गोड्या पाण्यांतील मत्स्यसंवर्धनाची केंद्रीय संस्था आहे. तेथील संशोधकांनीं रोहूच्या पिलांना ६० दिवस आंब्याच्या कोयीच्या गराची भुकटी खाद्यांतून दिली. एका गटाला नुसतें खाद्य. दुसऱ्याला किलोमागें १ ग्रॅम, तिसऱ्याला ५ ग्रॅम, चौथ्याला १० ग्रॅम भुकटी. मग सर्व गटांना मघां सांगितलेल्या एरोमोनास जंतूची बाधा केली आणि किती मासे जगतात तें मोजलें. भुकटी खाल्लेले गट नुसतें खाद्य खाणाऱ्या गटापेक्षां सरस ठरले. परंतु खरी ध्यानांत ठेवण्यासारखी गोष्ट पुढेंच आहे. सर्वांत अधिक संरक्षण मिळालें तें ५ ग्रॅमच्या गटाला. त्यांतील शंभरांपैकीं ९८ मासे वांचले. औषध दुप्पट केलें म्हणून गुण दुप्पट आला नाहीं. हा निकाल २००७ सालीं प्रसिद्ध झाला. ज्या कोयी आपण उकिरड्यावर टाकतों, त्यांचा हा उपयोग! त्याच संस्थेंत लसूण आणि हळद यांचेही असेच प्रयोग रोहूवर झाले, आणि माशांची प्रतिकारशक्ति वाढल्याचें आढळलें.

दिल्ली विद्यापीठांतील संशोधकांनीं आघाड्याचें बीं घेतलें. श्रावणांत जिवतीच्या पूजेला आघाडा-दुर्वांची माळ आपल्या घरोघरीं होते. तोच हा बांधावरचा आघाडा. रोहू आणि कटला यांच्या खाद्यांत शेंकडा अर्धा, म्हणजे किलोमागें ५ ग्रॅम, बियांची भुकटी मिसळली असतां त्यांच्या रक्तांत रोगप्रतिकारक द्रव्यें अधिक प्रमाणांत तयार झालीं. मदुराई येथील संशोधकांनीं तिलापिया माशावर तुळस आणि गुळवेल यांचे अर्क तपासले. तेथेंही असाच अनुकूल परिणाम दिसला. पाहा, एकही वनस्पति दुर्मिळ नाहीं. परसांतली, बांधावरची किंवा स्वयंपाकघरांतली आहे.

परंतु येथें एका गैरसमजापासून सावध केलें पाहिजे. "झाडपाल्याचें औषध, गुण आला तर आला, अपाय तर नाहीं" असें आपण सहज म्हणून जातों. मीही तेंच म्हणत होतों. वास्तविक माशांच्या बाबतींत हें म्हणणें किती खोटें आहे, हें आपल्या रानांतल्या लोकांना पूर्वापार ठाऊक आहे. कोंकण-घाटांत रामेठ्याची साल कुटून डोहांत टाकतात आणि गुंगलेले मासे हातानें धरतात. मत्स्यपालनांतही तळें तयार करतांना मरळ, शिंगाडा असले भक्षक मासे नाहींसे करण्यासाठीं मोहाची पेंड हेक्टरीं सुमारें २५०० किलोग्रॅम टाकतात. तिच्यांतील फेंसाळ द्रव्य माशांच्या रक्तपेशी फोडतें. तिचा विषारीपणा ओसरण्यास दोन-तीन आठवडे लागतात, आणि मग तीच पेंड तळ्याला खत होते. तेव्हां वनस्पति म्हणजे निरुपद्रवी, हें समीकरण मनांतून काढून टाकावें. झाडपाल्यांत अमृतही आहे आणि विषही आहे. पुष्कळदां दोहोंमध्यें अंतर असतें तें फक्त तोलाचें.

म्हणून आतां तोलाकडे वळूं. माझ्या जुन्या धंद्याचा येथें थोडा उपयोग होईल. समजा, पाव एकराच्या बोडींत ५०० मासे आहेत. जाळें टाकून दहा-वीस मासे धरले, तोलले, आणि सरासरी वजन २०० ग्रॅम भरलें. म्हणजे बोडींत एकूण मासळी १०० किलो. वजनाच्या शेंकडा दोन या हिशेबानें रोजचें खाद्य २ किलो. किलोमागें ५ ग्रॅम या प्रमाणानें रोजची भुकटी १० ग्रॅम. पाहा, साऱ्या बोडीला दिवसाला दहा ग्रॅम! आणि मीं गाडीभर फांद्या टाकावयास सांगितल्या होत्या. ही त्रैराशिकाची आंकडेमोड चौथीचा मुलगा करील, पण ती केल्यावांचून औषधाला हात लावूं नये. मासे वाढतात तसें वजनही वाढतें, म्हणून दर महिन्याला पुन्हां तोलून हिशेब नवा करावा. लसूण ओली वापरली तर तीत निम्म्याहून अधिक पाणीच असतें, हेंही तोलतांना विसरूं नये.

तयार करण्याची रीत सोपी आहे. निम्मी शेंगदाण्याची पेंड आणि निम्मा भाताचा कोंडा, हें आमच्याकडील नेहमींचें खाद्य. पेंड आदल्या रात्रीं भिजत घालावी. लसूण वापरावयाची असेल तर ती कुटून दहा मिनिटें तशीच ठेवावी. कारण लसणीचें जें तिखट वासाचें गुणकारी द्रव्य, तें अखंड पाकळींत नसतें, पाकळी ठेंचल्यावर तयार होतें. तें तयार करणारा घटक उष्णतेनें मरतो, म्हणून लसूण उकळत्या खाद्यांत कधींही घालूं नये. हळदीचें पिवळें द्रव्य पाण्यांत विरघळत नाहीं, तेलांत विरघळतें. म्हणून हळद चमचाभर गोडेतेलांत कालवून मग मिसळावी. हळद शक्यतों कांडी घेऊन घरीं दळावी; बाजारच्या भुकटीला रंग यावा म्हणून शिशाचा विषारी पिवळा क्षार मिसळण्याचे प्रकार घडलेले आहेत. सर्व मिसळून झाल्यावर भाताच्या घट्ट पेजेनें गोळे वळावेत. पेजेचा बांध नसेल तर औषध माशाच्या तोंडाऐवजीं पाण्यांतच जाईल. गोळे टोपलींत ठेवून ती टोपली ठराविक वेळीं, ठराविक जागीं पाण्यांत सोडावी आणि दोन तासांनीं वर काढून पाहावी. खाद्य उरलें असेल तर दुसऱ्या दिवशीं कमी द्यावें. मासे वासाला बिथरत नाहींत ना, हेंही त्यावरूनच कळतें.

द्यावयाचें केव्हां? रोग दिसल्यावर नव्हे. व्रणांचे रोग आपल्याकडे बहुधा पावसाळ्याअखेर सुरू होतात आणि थंडींत बळावतात. तेव्हां तटबंदी त्याआधीं मजबूत झाली पाहिजे. प्रयोगांत सहसा आठ-नऊ आठवडे औषध दिलेलें आहे. बारा महिने तेरा काळ देत राहणेंही इष्ट नाहीं. पहारेकऱ्याला अहोरात्र हांका मारीत राहिलें तर तोही थकतो. कांहीं आठवडे द्यावें, मग खंड पाडावा.

आतां या औषधानें काय होत नाहीं, तेंही स्पष्ट सांगितलें पाहिजे. पाण्यांत प्राणवायु नसेल तर लसूण तो आणून देत नाहीं. पाव एकरांत ५०० ऐवजीं १५०० मासे कोंडले असतील तर हळद त्यांची दाटी कमी करीत नाहीं. पेंडीला बुरशी आली असेल तर तिच्यांत कितीही औषध घाला, ती विषच राहते. १९६० सालीं इंग्लंडांत लाखावर टर्की पक्षी कांहीं आठवड्यांत मेले. शोध केला तेव्हां बुरसलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीतील विष त्याला कारण होतें असें ठरलें. अफ्लाटॉक्सिन तें हेंच, आणि तें माशाच्या यकृतालाही सोडीत नाहीं. म्हणून पहिली जागा पाण्याला, दुसरी माशांच्या संख्येला, तिसरी ताज्या खाद्याला, आणि त्यानंतर चौथी वनौषधीला. पहिल्या तिघांना डावलून चौथीच्या मागें लागणारा मनुष्य घराला दार न लावतां कुलूप विकत घेतो.

शिवाय प्रयोगशाळेंतील हौद आणि उघडी बोडी यांत अंतर आहे. हौदांत पाणी स्वच्छ, मासे मोजके, खाद्य तोललेलें. बोडींत गुरें उतरतात, शेतांतलें पाणी येतें, बगळे बसतात. वनस्पतीचा गुणही जमिनीप्रमाणें, ऋतूप्रमाणें आणि वाळविण्याच्या पद्धतीप्रमाणें बदलतो. एका गांवच्या आघाड्यांत जेवढें सत्त्व, तेवढेंच दुसऱ्या गांवच्या आघाड्यांत असेल असा नियम नाहीं. बाजारांत आतां "वनस्पतिजन्य" असें नांव लावून पुड्या विकल्या जातात. ज्या पुडीवर आंत काय आणि किती आहे हें छापलेलें नाहीं, ती घेऊं नये, एवढाच सल्ला मी देईन.

माझ्या विद्यार्थ्याचें पुढें काय झालें, हें आपल्याला ऐकावेंसें वाटेल. दुसऱ्या वर्षीं तो पुन्हां उभा राहिला. उन्हाळ्यांत बोडी आटल्यावर त्यानें तळचा कुजका गाळ काढला, वीस-पंचवीस किलो चुना पसरला, मासे आधींच्या तिसऱ्या हिश्शानें सोडले, पेंड ताजी आणली, आणि भाद्रपदापासून दोन महिने लसणीचें खाद्य तोलून दिलें. त्या वर्षीं त्याच्या बोडींत रोग आला नाहीं. मासळी विकून झाल्यावर तो पेढे घेऊन आला आणि म्हणाला, "गुरुजी, लसणीनें वांचवलें." मला तें ऐकून बरें वाटलें, तरी मीं त्याला सांगितलें, "बाबा रे, आपण एकदम चार गोष्टी बदलल्या. गाळ काढला, चुना टाकला, संख्या कमी केली आणि लसूण दिली. यांतली कोणती उपयोगीं पडली, हें तुला कसें कळलें?" तो विचारांत पडला.

यंदा त्यानें शेजाऱ्याची बोडीही कसण्यास घेतली आहे. दोन्ही बोड्यांचा गाळ काढला, दोहोंत सारखा चुना, क्षेत्राच्या हिशेबानें सारखेच मासे, एकाच घाण्याची पेंड. फरक एवढाच कीं, एकींत लसूण आणि दुसरींत नुसती पेंड. भिंतीवर एक वही टांगली आहे. तींत तारीख, खाद्य, मेलेले मासे आणि दर महिन्याचें वजन, एवढें रोज लिहिलें जातें. निकाल काय लागेल तो लागो. अनुकूल लागला तर शेजारच्या दहा गांवांना सांगतां येईल. प्रतिकूल लागला तर दहा गांवांचा खर्च वांचेल. एक गोष्ट मात्र निश्चित. या वेळीं गुरुजींचा शब्द म्हणून कोणीही कांहीं पाण्यांत टाकणार नाहीं. जें घालावयाचें तें तोलून घालील आणि मोजून पाहील.

तळ्याच्या कांठीं राहणाऱ्या माझ्या बंधुभगिनींनीं एवढेंच करावें, अशी विनंति करून मी आपली रजा घेतों.